पान नेमके कुठे आहे? : डिस्कसंचाच्या मांडणीवरील पुस्तिकेची प्रस्तावना

ही पुस्तिका एका प्रश्नाभोवती लिहिली आहे. ग्रंथालयाच्या सर्व्हरमध्ये चार हार्ड डिस्क आहेत आणि त्यांवर एका जुन्या पोथीच्या पानाचे छायाचित्र साठवले आहे, तर ते पान नेमके कुठे असते? पहिल्या डिस्कवर, की चारही डिस्कवर? एक डिस्क बंद पडली तर ते पान पूर्ण उरते, अर्धे उरते, की नाहीसे होते? प्रश्न शाळकरी वाटेल. पण ज्याला त्याचे उत्तर कागदावर आखून दाखवता येते, त्याच्याच हाती सर्व्हरखोलीची किल्ली असावी, असे माझे ठाम मत आहे. हे उत्तर पंधरा-वीस ओळींच्या एका साध्या स्क्रिप्टच्या मदतीने कोणालाही समजू शकते. पुढच्या पानांत तेच करून दाखवले आहे.

पुस्तिका जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या वाचकांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे, आणि त्याला कारण आहे. खानदेश हा कागद जपणाऱ्यांचा मुलूख आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगावची दफ्तरे धुंडाळत आयुष्यभर हिंडले. १८९८पासून निघालेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या बावीस खंडांमागे ती पायपीट आहे. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचा अंत झाला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने तिथे संशोधन मंडळ उभे राहिले. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाची बाडे जमवली. डोमगावच्या मठातली, कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत त्यांनी १९०५ साली छापून लोकांपुढे आणली. समर्थ वाग्देवता मंदिरातला हस्तलिखितांचा संग्रह ही त्यांचीच पुण्याई. जळगावच्या जैन हिल्सवर २०१२मध्ये सुरू झालेल्या गांधीतीर्थात गांधीजींशी संबंधित कागदपत्रे संगणकावर आणून जतन करण्याचे मोठे काम चालते. १९९०मध्ये स्थापन झालेले आणि २०१८पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणारे विद्यापीठ या तिन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांना जोडते. त्या महाविद्यालयांतून अहिराणी गाणी, कानबाईची गीते, वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित होत आहेत, आणि हा सारा ठेवा अखेर कुठल्या ना कुठल्या डिस्कवर जाऊन बसतो.

बहिणाबाईंचे नाव इथे सहज आलेले नाही. त्यांना लिहिता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करता करता सुचलेल्या ओव्या मुलगा सोपानदेव यांनी आणि घरच्यांनी वहीत उतरवून घेतल्या, तेवढ्याच उरल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर ती वही आचार्य अत्र्यांच्या दृष्टीस पडली आणि १९५२मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला. मधल्या काळात ती वही हरवली असती, तर आज खानदेशच्या विद्यापीठाला द्यायला ते नाव आपल्याजवळ नसते. ज्या ओव्या उतरवल्याच गेल्या नाहीत, त्या तर कायमच्या गेल्या. एकच प्रत असणे म्हणजे काय, हे आपल्या भागाला वेगळे समजावून सांगायला नको.

कागद आणि डिस्क यांच्या नष्ट होण्यात मात्र मोठा फरक आहे. कागद हळूहळू जातो. वाळवी लागलेल्या दफ्तरातले अर्धे पान हाती आले, तरी त्या अर्ध्यावरचा मजकूर वाचता येतो, आणि राजवाड्यांसारख्यांनी अशा तुकड्यांतूनही इतिहास उभा केला. डिस्क बहुधा एकाएकी जाते. त्यातही अनेक डिस्क एकत्र बांधून फाइली तुकड्यांनी त्यांवर वाटलेल्या असतील, तर त्यांतली एक काढून दुसऱ्या संगणकाला जोडल्यावर हाती काहीच लागत नाही. तिच्यावर प्रत्येक मोठ्या फाइलचा काही भाग असतो, पण पूर्ण अशी एकही फाइल क्वचितच सापडते. पाने कोणत्या नियमाने वाटली आहेत हे ठाऊक नसेल, तर चारही डिस्क धडधाकट असून ग्रंथालय हरवू शकते. म्हणून मांडणी समजणे हा हौशी तंत्रज्ञांचा छंद मानून चालणार नाही. जतन करण्याच्या कामाचाच तो भाग आहे.

अनेक डिस्क एकत्र बांधण्याच्या या पद्धतीला ‘रेड’ म्हणतात. कल्पनेची बीजे जुनी आहेत. बंद पडलेल्या साठवण-घटकातली माहिती उरलेल्या घटकांवरून परत मिळवण्याच्या पद्धतीचे पेटंट आयबीएमच्या नॉर्मन केन औची यांना १९७८मध्ये मिळाले होते. पण या विषयाला नाव आणि शिस्त दिली ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी, १९८८मध्ये सादर केलेल्या निबंधात. मोठ्या संगणकाची एक महागडी डिस्क घेण्यापेक्षा वैयक्तिक संगणकाच्या पुष्कळ स्वस्त डिस्क एकत्र कराव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्यापुढे आयबीएमची ७५०० एमबीची डिस्क होती आणि कॉनर कंपनीची १०० एमबीची छोटी डिस्क होती. अडचणही त्यांनीच आकड्यांत मांडली. एक छोटी डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असे धरले, तर शंभर डिस्कच्या संचातली कुठली तरी एक सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत बंद पडणार. डिस्क वाढवल्या की जागा आणि वेग वाढतो, तसा बिघाडाचा संभवही वाढतो. तेव्हा एक डिस्क गेली तरी माहिती जाऊ नये, अशी सोय मांडणीतच करणे भाग होते.

ती सोय दोन तऱ्हांनी करता येते. पहिली तऱ्हा जशीच्या तशी दुसरी प्रत ठेवण्याची, म्हणजे मिररची. रामदासी मठांतून शिष्यांनी पोथ्यांच्या प्रती केल्या आणि त्या ठिकठिकाणी राहिल्या, म्हणून ते वाङ्मय टिकले. त्यामागचा विचार हाच. दुसरी तऱ्हा पॅरिटीची. तिथे पूर्ण प्रत ठेवावी लागत नाही, फक्त हिशेबाची एक जादा नोंद ठेवावी लागते. कापसाच्या काट्यावर तीन गाड्यांची वजने आणि त्यांची बेरीज लिहून ठेवली आणि एका गाडीचा आकडा पुसला गेला, तर बेरजेतून उरलेली दोन वजने वजा केली की तो परत मिळतो. डिस्कवर केवळ शून्य आणि एक असतात, त्यामुळे बेरीजही सोपी. तीन डिस्कवर एकाच जागी १, ० आणि १ असतील, तर एकांची संख्या आधीच सम आहे, म्हणून चौथ्या डिस्कवर पॅरिटी ० लिहायची. आता पहिली डिस्क गेली. हाती ०, १ आणि पॅरिटी ० उरली. एकांची संख्या विषम झाली, याचा अर्थ गेलेला आकडा १ होता. एवढ्या एका नियमावर अब्जावधी पाने सावरली जातात. शिकवताना मला याइतके समाधान देणारे गणित फार थोडे भेटले आहे.

संचात फाइल ठरावीक मापाच्या तुकड्यांत वाटली जाते, आणि सगळ्या डिस्कवरच्या एकाच जागच्या तुकड्यांची मिळून एक ओळ होते. पॅरिटी सगळीच्या सगळी एका डिस्कवर ठेवली, तर प्रत्येक छोट्या लेखनासाठी त्या एकाच डिस्ककडे धाव घ्यावी लागते. पान थोडे बदलले, तरी जुना तुकडा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा तुकडा लिहा, नवी पॅरिटी लिहा, अशी चार कामे होतात, आणि त्यांतली दोन प्रत्येक वेळी त्याच डिस्कवर पडतात. म्हणून रेडच्या क्रमांक दिलेल्या पातळ्यांपैकी पाचवीत पॅरिटी दर ओळीला जागा बदलते. वाचक गोंधळतो तो इथेच. पुस्तकांतल्या रंगीत आकृत्या एका क्षणाचे चित्र दाखवतात, पण पॅरिटी कोणत्या नियमाने सरकते ते सांगत नाहीत. पाच डिस्क घेतल्या तर काय, तुकड्यांचा क्रम बदलला तर काय, हे आकृतीला विचारता येत नाही. स्क्रिप्टला विचारता येते.

या पुस्तिकेतली स्क्रिप्ट पायथन भाषेत आहे. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांची नावे देवनागरीतही लिहिता येतात, त्यामुळे ‘डिस्क’, ‘ओळ’, ‘तुकडा’, ‘पॅरिटी’ अशीच नावे वापरली आहेत. बारावीच्या विद्यार्थ्याला ती वाचताना अडखळावे लागणार नाही. स्क्रिप्ट तीन गोष्टी विचारते: डिस्क किती, ओळी किती आणि मांडणीचा प्रकार कोणता. उत्तर म्हणून ती एक तक्ता छापते. चार डिस्क आणि लिनक्समध्ये आपोआप निवडली जाणारी लेफ्ट-सिमेट्रिक मांडणी घेतली, तर तक्ता असा येतो. यात ‘प’ म्हणजे पॅरिटी, आणि डिस्क व तुकडे दोन्ही शून्यापासून मोजले आहेत.

ओळ ० :  ०   १   २   प
ओळ १ :  ४   ५   प   ३
ओळ २ :  ८   प   ६   ७
ओळ ३ :  प   ९   १०   ११

नियम दोन पायऱ्यांचा आहे. ओळीच्या क्रमांकाला डिस्कच्या संख्येने भागा आणि उरलेली बाकी शेवटच्या डिस्कच्या क्रमांकातून वजा करा. येईल त्या डिस्कवर पॅरिटी. मग पॅरिटीच्या लगेच पुढच्या डिस्कपासून तुकडे मांडत जा आणि शेवटची डिस्क झाली की पहिलीवर या. वाचकाने पहिल्यांदा हा तक्ता हाताने भरावा आणि मगच स्क्रिप्ट चालवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तक्ता नीट पाहिला की त्यातली योजना दिसू लागते. तुकडा ० पहिल्या उभ्या रांगेत, १ दुसऱ्या, २ तिसऱ्या, ३ चौथ्या, आणि ४ पुन्हा पहिल्या रांगेत आहे. कुठलेही सलग चार तुकडे घ्या, ते चार वेगवेगळ्या डिस्कवरच सापडतील. म्हणून मोठी फाइल सलग वाचताना चारही डिस्क एकाच वेळी कामाला लागतात. आता स्क्रिप्टला लेफ्ट-असिमेट्रिक मांडणी विचारा. पॅरिटी त्याच जागी राहते, पण दुसरी ओळ ‘३ ४ प ५’ अशी येते. मग ० ते ३ हे चार तुकडे वाचताना पहिल्या डिस्कला दोनदा जावे लागते आणि चौथी रिकामी बसते. दोन्ही तक्त्यांची पहिली ओळ तंतोतंत सारखी आहे, हेही इथे लक्षात ठेवावे. बिघाडानंतर कोणी चुकीची मांडणी गृहीत धरून संच जोडला, तर सुरुवात बरोबर दिसते आणि पुढचे बरेचसे विस्कटते. तशा अवस्थेत संचावर काही लिहिले गेले, तर धड असलेली माहितीही बिघडते.

तुकड्याचा आकारही ठरवावा लागतो. लिनक्समधल्या ‘एमडीअॅडम’ या साधनात आज तो न सांगता ५१२ केबी धरला जातो. सहा एमबीच्या एका स्कॅन केलेल्या पानाचे त्या मापाने बारा तुकडे होतात. मोकळ्या संचावर सुरुवातीपासून सलग लिहिले आहे असे धरले, तर ते पान वरचा तक्ता पुरेपूर भरते. प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आखून दाखवता येते: पान चारही डिस्कवर आहे, प्रत्येकीवर तीन तुकडे आणि एक पॅरिटी, आणि कोणतीही एक डिस्क गेली तरी पान पूर्ण आहे.

स्क्रिप्टचा दुसरा भाग डिस्क मोडून दाखवतो. क्रमांक द्या, त्या रांगेत फुल्या पडतात, आणि प्रत्येक ओळीपुढे हरवलेला तुकडा कोणत्या तीन जागांवरून परत मिळेल ते छापले जाते. दुसरा क्रमांक दिला की स्क्रिप्ट स्पष्ट सांगते, या संचातली माहिती आता परत मिळणार नाही. हे उत्तर कागदावर पाहून घेणे महत्त्वाचे आहे, कारण प्रत्यक्षात दोन डिस्क पाठोपाठ जाण्याची भीती खरी आहे. एकाच वेळी, एकाच खोक्यातून घेतलेल्या डिस्क सारख्याच वयाच्या असतात. चार टीबीची एक डिस्क बदलल्यावर ती पुन्हा भरायला, सेकंदाला १५० एमबीचा वेग सतत मिळाला तरी साडेसात तासांच्या आसपास लागतात, आणि तेवढा वेळ उरलेल्या तीन डिस्कवरचे सगळे बारा टीबी वाचले जात असतात. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात सुमारे साडेबारा टीबी वाचनामागे जास्तीत जास्त एक न सुधारता येणारी चूक, अशी मर्यादा दिलेली असते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की दोन पॅरिटी ठेवणारी सहावी पातळी का निघाली ते वेगळे सांगावे लागत नाही. चार टीबीच्या चार डिस्क पाचव्या पातळीत बारा टीबी जागा देतात, सहाव्या पातळीत आठ, आणि मिररच्या जोड्या केल्या तरी आठ. किती जागा सोडायची आणि किती धोका पत्करायचा, हे संस्थेने तक्ता समोर ठेवून ठरवावे. विक्रेत्याच्या सांगण्यावर ते सोडू नये.

खानदेशात या हिशेबात आणखी दोन गोष्टी मोजाव्या लागतात. एक उन्हाळा. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. बहुतेक हार्ड डिस्कची कमाल मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते. बंद खोलीत, बंद पेटीत, एकमेकींना चिकटून फिरणाऱ्या डिस्क आणि ती मर्यादा यांत मग फारसे अंतर उरत नाही. दुसरी गोष्ट वीज. वळवाच्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात, त्याच वाऱ्यात तारा तुटतात. नवा तुकडा लिहून झाला आणि पॅरिटी लिहायच्या आत वीज गेली, तर ती ओळ आपल्याशीच विसंगत होते. त्या वेळी कोणाला काही कळत नाही. पुढे कधी डिस्क गेली आणि त्या पॅरिटीवरून तुकडा काढला, की तो चुकीचा निघतो. स्क्रिप्टच्या तिसऱ्या भागात हा प्रसंग घडवून दाखवला आहे. त्यावरचे उपायही पुढे आले आहेत: चालू स्थितीतली यूपीएस, लेखनाची जर्नल, आणि ठरावीक मुदतीने सगळ्या ओळींची तपासणी. डेबियन लिनक्समध्ये ही तपासणी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप होते. रात्री खोलीचा मुख्य स्विच बंद करून जाण्याची सवय असेल, तर ती तपासणी पार पडत नाही.

सरावासाठी चार खऱ्या डिस्कची गरज नाही. लिनक्सवर साध्या फाइलींनाच डिस्क मानून त्यांचा संच बांधता येतो. चोपडा, शिरपूर किंवा शहादा इथल्या विद्यार्थ्याला एका लॅपटॉपवर, एक रुपयाही खर्च न करता संच बांधता येईल, मोडता येईल, परत जोडता येईल. स्क्रिप्टने छापलेला तक्ता आणि त्या फाइलींमधला खरा मजकूर जुळतो का, हे तो स्वतः तपासू शकेल. पुस्तिकेचे शेवटचे प्रकरण त्याच सरावाचे आहे आणि ते टाळून कोणी पुढे जाऊ नये. वाचून पटलेली गोष्ट विसरते, मोडून जोडलेली विसरत नाही.

एक इशारा प्रस्तावनेतच देणे मला आवश्यक वाटते. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. रेड फक्त डिस्कच्या बिघाडापासून वाचवते. चुकून पुसलेली फाइल चारही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. व्हायरसने कुलूपबंद केलेली फाइल अगदी निष्ठेने पॅरिटीसह जतन होते. आग, पूर, चोरी यांना संचातल्या डिस्कची संख्या थांबवू शकत नाही. त्यासाठी दुसरी प्रत दुसऱ्या छपराखाली, शक्य तर दुसऱ्या गावी हवी. धुळे आणि जळगाव यांत सुमारे नव्वद किलोमीटरचे अंतर आहे, आणि दोन्हीकडे जपणारी माणसे आहेत. धुळ्याच्या संस्थेची एक प्रत जळगावला आणि जळगावच्या संस्थेची एक धुळ्याला, अशी देवाणघेवाण ठरली, तर दोन्ही जिल्ह्यांची स्मृती कितीतरी सुरक्षित होईल. त्याला मोठा निधी लागत नाही. दोन संस्थांचा परस्परांवरचा विश्वास आणि महिन्यातून एक फेरी एवढ्यावर हे जमते.

ही पुस्तिका वाचून झाल्यावर प्रत्येक वाचकाने एक काम करावे, अशी माझी अपेक्षा आहे. आपल्या संस्थेतल्या संचाची खरी माहिती घेऊन, स्क्रिप्टने त्याचा तक्ता छापावा. त्याच कागदावर प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक, ती कितव्या खाचेत आहे, रेडची पातळी, तुकड्याचा आकार, मांडणीचा प्रकार, आणि डिस्कवर प्रत्यक्ष माहिती कुठून सुरू होते तो आकडा लिहावा. संचाची स्वतःविषयीची नोंद डिस्कवरून पुसली गेली, तर तो पुन्हा जोडायला हीच माहिती लागते, आणि ती नसेल तर निष्णात माणसालाही अंदाज बांधत बसावे लागते. कागदाच्या दोन प्रती कराव्यात. एक सर्व्हरच्या पेटीवर चिकटवावी, दुसरी संस्थेच्या दफ्तरात ठेवावी, आणि डिस्क बदलली की दोन्हींवर त्याच दिवशी दुरुस्ती करावी. उद्या आपल्या जागी येणाऱ्या माणसाला तो कागद वाचून संच समजला पाहिजे. राजवाड्यांनी, देवांनी आणि सोपानदेवांनी जे आपल्यापर्यंत पोचवले, ते पुढे पोचवण्याची जबाबदारी आता आपली आहे, आणि हा कागद लिहून काढणे ही त्या जबाबदारीची पहिली, सर्वांना जमेल अशी पायरी आहे.